जुन्या मोटारीतला खर्ज

रायपूरच्या पुरानी बस्तीतले रस्ते मोटारीसाठी आखलेले नाहीत. महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि जैतुसाव मठ यांच्या आजूबाजूला, तलावांच्या काठाकाठाने ही वस्ती वाढत गेली. १८१८ मध्ये छत्तीसगडच्या कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले त्याच्याही आधीपासून ती नांदती आहे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीच्या मागोमाग या प्रांतात आलेल्या मराठी घराण्यांची आठवण शेजारच्या तात्यापाऱ्याच्या नावात अजून टिकून आहे. अशा गल्ल्यांतून वळणारी आणि घरासमोर कशीबशी उभी राहणारी मोटार बहुधा लहान असते आणि अनेकदा जुनी. तिच्यातली ध्वनियंत्रणा म्हणजे डॅशबोर्डमधले चार इंची दोन स्पीकर, फार तर मागच्या काचेखालच्या पट्टीवर बसवलेली ओव्हलची जोडी, आणि कॅसेटच्या किंवा सीडीच्या काळातला डेक. या यंत्रणेतून शब्द ऐकू येतात, चाल ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमार आणि बास गिटारचा तळ जवळजवळ नाहीसा होतो. तो परत आणणाऱ्या स्पीकरला सबवूफर म्हणतात. साधारण २० ते ८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस ते ऐंशी कंपने, एवढ्याच पट्ट्यातले स्वर वाजवणे हे त्याचे काम. बाजारात त्याला नुसते ‘वूफर’ किंवा ‘बास’ म्हणतात. जुन्या गाडीत तो थोडक्या खर्चात बसवता येतो, मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही याबद्दल दुकानातला सल्ला आणि भौतिकशास्त्राचा सल्ला यांचे क्वचितच जुळते.

लहान स्पीकरला खालचे स्वर का पेलत नाहीत, हे आधी पाहणे योग्य ठरेल. कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या शंकूला तारेचे वेटोळे जोडून ते चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे हलवायचे, ही स्पीकरची रचना राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली आणि तत्त्वतः ती आजही तीच आहे. आवाजाची तीव्रता कायम ठेवून स्वर एक सप्तक खाली आणला, म्हणजे कंपनसंख्या निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. चार इंची स्पीकरच्या शंकूचे उपयोगी क्षेत्रफळ सुमारे ५० ते ५५ चौरस सेंटिमीटर असते, तर बारा इंचीचे ५०० च्या आसपास; म्हणजे बारा इंची शंकू एक मिलिमीटर हलून जेवढी हवा ढकलतो तेवढीच ढकलायला चार इंचीला नऊ-दहा मिलिमीटर हलावे लागेल, आणि तेवढे तो हलूच शकत नाही. डेकवरचे बासचे बटण पूर्ण फिरवल्यावर डॅशबोर्डमधले स्पीकर फाटल्यासारखे वाजू लागतात, ते याच कारणाने.

यात कानाच्या स्वभावाची भर पडते. मानवी कान मधल्या स्वरांना तीक्ष्ण आणि खालच्या स्वरांना मठ्ठ आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवले. नंतरच्या सुधारित मोजणीप्रमाणे, मधला स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो तितकाच ५० हर्ट्झचा स्वर वाटायला हवा असेल, तर त्याची पातळी ७० डेसिबलच्याही वर न्यावी लागते. शिवाय चालत्या गाडीत टायर, इंजिन आणि वारा यांचा जो एकत्रित गोंगाट असतो त्याचा मोठा भाग खालच्या पट्ट्यातच असतो. रायपूरहून दुर्ग, राजनांदगाव, भंडारा या मार्गाने नागपूरला जाणाऱ्या जवळजवळ तीनशे किलोमीटरच्या महामार्गावर जुनी, पातळ पत्र्याची गाडी ऐंशीच्या वेगाने धावत असताना गाण्याचा तळ आधी बुडतो आणि वरचे कर्कश स्वर तेवढे उरतात. मग आवाज वाढवला की कान दुखतो, कमी केला की गाणे कळत नाही. सबवूफरचा खरा उपयोग इथे आहे. त्यामुळे एकूण आवाज कमी ठेवूनही गाणे भरलेले वाटते. या वस्तूची ख्याती बरोबर याच्या उलट गोष्टीसाठी झालेली आहे.

ती ख्याती कुठून आली हे रायपुरात सांगावे लागत नाही. नागपूर ते रायपूर या पट्ट्यात लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, धुमाल बँड आणि डीजे यांच्या गाड्यांवर स्पीकरच्या भिंती रचलेल्या असतात, आणि बास म्हणजे काय याची बहुतेकांची पहिली ओळख त्यांच्यापाशीच होते. त्या गाड्यांना जनरेटर लागतो, हजारो वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर लागतात, म्हणून आपल्या मोटारीतही निदान हजार वॅट हवेत असा समज तयार होतो. पण ते स्पीकर उघड्यावर वाजत असतात. उघड्यावरचा आवाज चहूकडे पसरत जातो आणि अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबलने घटतो. बंद मोटारीतला सबवूफर एका लहानशा पेटीतली हवा दाबतो आणि सैल सोडतो, आणि ऐकणारा त्या पेटीच्या आतच बसलेला असतो.

या पेटीचा फायदा आकड्यांत मांडता येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते, म्हणजे ती लहान मोटारीच्या आत मावतच नाही. मोटारीच्या आतल्या भागाची लांबी दोन मीटर असेल, तर ज्या लहरीची अर्धी लांबी दोन मीटर भरते त्या स्वराच्या, म्हणजे सुमारे ८६ हर्ट्झच्या, खाली लहर वाहण्याऐवजी संपूर्ण केबिनमधला हवेचा दाब एकदम वरखाली होऊ लागतो, आणि स्वर जसजसा खाली जाईल तसतसा आवाज आपोआप वाढत जातो. तत्त्वतः ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल असते. काचा, दारे आणि पत्रा थरथरून काही दाब बाहेर सोडतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती त्याहून कमी मिळते. तरीही १२ डेसिबल म्हणजे सोळापट वॅट हे लक्षात घेतले, तर गाडी स्वतः किती फुकटचे काम करून देते याची कल्पना येईल. अभियंते या परिणामाला ‘केबिन गेन’ म्हणतात. गाडी जितकी लहान तितका तो वरच्या स्वरापासून सुरू होतो. या एका बाबतीत जुनी छोटी हॅचबॅक मोठ्या महागड्या गाडीपेक्षा सरस ठरते, आणि कमी खर्चाच्या सगळ्या योजनेचा पाया हाच आहे.

दुसरा पाया म्हणजे स्पीकरचा डबा. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या तर खालचा स्वर जवळजवळ पुसला जातो, म्हणून मागची लहर कोंडावी लागते. पूर्वी त्यासाठी कपाटाएवढे डबे करीत. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी अमेरिकेत दाखवून दिले की स्पीकरची लवचीक बैठक मुद्दाम सैल ठेवून तो लहान आणि हवाबंद डब्यात बसवला, तर आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करते आणि छोट्या डब्यातूनही खोल, स्वच्छ खर्ज निघतो. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्पीकरच्या गुणधर्मांवरून डब्याचे माप काढण्याचे गणित पक्के केले. चांगल्या सबवूफरबरोबर जो कागद येतो त्यावर या दोघांच्या नावाची मापे छापलेली असतात आणि बहुतेक वेळा ‘किती लिटरचा डबा’ हेही सरळ सांगितलेले असते. तो कागद फेकून देऊ नये. जिथे असा कागदच मिळत नाही तो स्पीकर घेताना दोनदा विचार करावा.

हवाबंद डब्यातल्या स्पीकरचा आवाज त्याच्या अनुनादाच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो, आणि लहान गाडीचे केबिन तो जवळजवळ त्याच प्रमाणात चढवत असते. उतार आणि चढ एकमेकांना भरून काढतात व ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारा खर्ज बराचसा सपाट राहतो. ज्याला भोक किंवा नळी असते त्या पोर्टच्या डब्यातून एका ठरावीक स्वराच्या आसपास जास्त आवाज मिळतो खरा, पण त्याच्याखाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, डबा मोठा लागतो आणि मापात चूक झाली की सगळी गाणी एकाच सुरात ‘घूं’ करू लागतात. वाटेल त्या मापाच्या, चकचकीत कापड लावलेल्या पोर्टच्या तयार डब्यांनी जुन्या गाड्यांच्या डिक्या भरलेल्या दिसतात. त्यांतले बरेचसे मोठ्याने वाजतात. चांगले वाजतात असे म्हणवत नाही.

डबा सुताराकडून करवून घेणे स्वस्त पडते आणि गाडीच्या मोकळ्या जागेच्या बेताने करता येते. उदाहरणादाखल, दहा किंवा बारा इंची स्पीकरला २८ लिटरचा हवाबंद डबा चालत असेल, तर आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर खोल एवढे माप पुरते. १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या धरल्या तरी त्याला आठ चौरस फुटांपेक्षा कमी लाकूड लागते, म्हणजे आठ बाय चार फुटांच्या एका फळीचा चौथा हिस्सा. प्लायवूडच्या वखारीत उरलेल्या तुकड्यांत हे काम भागते. स्पीकर कंपन्या एमडीएफ वापरतात, कारण ते एकसारखे घट्ट असते. परंतु छत्तीसगडच्या पावसाळ्यात गाडीच्या गळक्या रबरातून डिकीत पाणी शिरले तर एमडीएफ फुगून फुटते, म्हणून जुन्या गाडीसाठी आयएस ३०३ छाप असलेले पाण्याला तग धरणारे प्लाय अधिक शहाणपणाचे. सांध्यांना पांढरा गोंद भरपूर लावून स्क्रू घट्ट करावेत, आतून सांध्यांवर सिलिकॉन फिरवावे आणि ते पूर्ण वाळून त्याचा आंबूस वास गेल्यावरच स्पीकर बसवावा. आतली मोठी बाजू एखाद्या आडव्या पट्टीने जखडली तर फळी स्वतः थरथरत नाही. डबा हवाबंद झाला की नाही ते शंकू बोटांनी हळूच आत दाबून कळते. सोडल्यावर तो एकदम उसळून न येता सावकाश वर आला, तर डबा ठीक. तयार झालेल्या डब्याचे स्पीकरसह वजन दहा-बारा किलो भरते. हॅचबॅकमध्ये डिकी आणि माणसे यांच्या मध्ये फक्त मागच्या सीटची पाठ असते, त्यामुळे तो गाडीच्या पत्र्याला पट्ट्यांनी किंवा बोल्टने बांधलाच पाहिजे. जोराने ब्रेक लागल्यावर सुटा डबा पुढे फेकला जातो.

ज्यांना सुतारकामात पडायचे नाही त्यांच्यासाठी दोन तयार मार्ग आहेत. एक म्हणजे बास ट्यूब, म्हणजे नळकांड्याच्या आकाराचा डबा. तो पट्ट्यांनी बांधता येतो, सामान न्यायचे असेल तेव्हा पाच मिनिटांत काढून ठेवता येतो, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारात अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आतच असल्याने एकूण खर्च कमी होतो. दुसरा म्हणजे सीटखाली सरकवायचा चपटा, आठ इंची, अ‍ॅम्पसह येणारा सबवूफर. खर्जाच्या खोलीत तो कमी पडतो, पण डिकीत गॅसची टाकी असलेल्या गाडीला बहुधा हाच सोयीचा, कारण टाकीच्या शेजारून जाड वीजतार नेणे आणि तिला डबा टेकवणे दोन्ही टाळावे.

वॅटचा प्रश्न आता सोपा होतो. भारतीय बाजारात वर्षानुवर्षे पेट्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारोंचे आकडे छापले गेले. त्यांना कोणतेही ठरलेले मोजमाप नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा आकडा. तोही खरा वाटत नसेल तर अ‍ॅम्पवर लावलेला फ्यूज पाहावा, कारण फ्यूज सहसा खोटे बोलत नाही. पेटीवर १००० वॅट लिहिले आहे आणि फ्यूज १५ अँपिअरचा आहे, असे दिसले तर १५ ला १४.४ व्होल्टने गुणून २१६ वॅट एवढीच वीज आत जाऊ शकते, आणि क्लास-डी प्रकारच्या चांगल्या अ‍ॅम्पमध्येही त्यातली ८० टक्क्यांच्या आसपासच बाहेर येते. म्हणजे प्रत्यक्षात १७० वॅट. यात वाईट काहीच नाही. लहान गाडीत १५० ते २०० खरे वॅट पुरून उरतात, कारण वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो आणि ऐकणाऱ्याला दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. हजार छापलेल्या पेटीतून १७० मिळणार असतील, तर २०० छापून २०० देणारी पेटी घेणे बरे. तिच्यावरचा आकडा लहान असल्यामुळे ती दुकानाच्या फळीवर मागे ढकललेली असते, एवढेच.

जुन्या गाडीत खरी अडचण विजेची येते. छोट्या पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून ती भारित करणारे यंत्र, आधीच हेडलाइट, पंखा आणि वायपर यांच्यासाठी राबत असते. २०० वॅटचा क्लास-डी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजला तर सुमारे २० अँपिअर ओढतो. गाण्यात असे क्षण तुरळक आणि सरासरी त्याच्या एका अंशावर असली तरी दुबळ्या यंत्रणेत दर ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटरने दोन मोजण्या कराव्यात. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. इंजिन चालू करून हेडलाइट आणि पंखा लावल्यावर १३.५ च्या वर टिकले तर अल्टरनेटर ठणठणीत. टिकत नसतील, तर हाताशी असलेले पैसे आधी तिकडे जायला हवेत. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत पुष्कळदा दोष अल्टरनेटरचा नसतोच, इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली असते. ती बदलायला किरकोळ खर्च येतो आणि कधी कधी गाडी सुरू होण्यातही फरक पडतो.

बॅटरीपासून डिकीपर्यंतची तार ही सर्वाधिक फसवणुकीची जागा आहे. जाड, रंगीत, पारदर्शक आवरणाच्या तयार ‘किट’मधली तार पुष्कळदा वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते, आणि अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्केच. चाकूने एक धागा खरवडला की आतला पांढरा रंग दिसतो. त्यापेक्षा घरगुती विजेच्या दुकानातून १० चौरस मिलिमीटरची बहुधागी तांब्याची तार घ्यावी. पाच मीटर लांबीला तिचा रोध ०.००९ ओहमपेक्षा कमी भरतो आणि २० अँपिअरला फक्त ०.१७ व्होल्ट वाया जातात. घरातल्या दिव्यांची दीड चौरस मिलिमीटरची तार टाकली तर त्याच प्रवाहाला १.१ व्होल्टहून अधिक गळतात आणि गालिच्याखाली २३ वॅटची उष्णता साठत राहते. रायपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासही जातो आणि इंजिनजवळची हवा त्याहून कितीतरी तापते, म्हणून त्या भागात तारेवर लवचीक नळीचे आवरण चढवावे. पत्र्यातून तार आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, दीड फुटाच्या आत लावावा. तो अ‍ॅम्पच्या रक्षणासाठी आहे असे अनेक कारागीरही समजतात. तो तारेसाठी आहे, कारण ती कुठे घासून सांगाड्याला टेकली तर बॅटरीतले शेकडो अँपिअर तिच्यातून वाहतील आणि आग लागेल. अर्थची तार आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बोल्टने कसावी. विजेची तार गाडीच्या एका बाजूने आणि आवाजाची दुसऱ्या बाजूने नेली, तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी ‘चूं’ अशी शीळ सहसा ऐकू येत नाही.

डेक जुना असेल तर त्याच्या मागे सबवूफरसाठी आरसीएची खोबण नसते. नवा डेक घेण्याची गरज नाही. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह सबवूफरना ‘हाय लेव्हल’ जोडणी असते, म्हणजे मागच्या स्पीकरच्या तारांवरूनच आवाज उचलता येतो. मात्र कॅसेटच्या काळातल्या काही डेकमध्ये स्पीकरचे उणे टोक सरळ गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, आणि नंतरच्या डेकमध्ये दोन्ही टोके सांगाड्यापासून वेगळी ठेवलेली असतात. दुसऱ्या प्रकारात उणे टोक सांगाड्याला लागले तर डेकमधला आवाजाचा चिप जळतो. कुठला प्रकार आहे हे मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय तार सोलू नये. अशा कामाला गाडीतले वायरिंग पाहणारा अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन सजावटीच्या दुकानातल्या मुलापेक्षा भरवशाचा.

जोडणी झाल्यावर उरते ती जुळवणी, आणि तिला पैसा लागत नाही, सवड लागते. अ‍ॅम्पवरचे ‘लो पास’चे बटण ८० हर्ट्झवर ठेवले की त्याच्यावरचे स्वर सबवूफरकडे फारसे जात नाहीत. पुरुषाच्या आवाजाचा तळही साधारण तिथेच सुरू होतो. मर्यादा १५० पर्यंत वर नेली तर गायकाचा निम्मा आवाज डिकीतून येऊ लागतो. ८० च्या खालचा स्वर कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, त्यामुळे डबा मागे असूनही खर्ज समोरून आल्यासारखा वाटतो. ‘गेन’ हे बटण आवाज वाढवण्याचे नसून डेकच्या सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालण्याचे आहे. स्वतंत्र अ‍ॅम्प असेल तर स्पीकर सोडवून, डेकचा आवाज पाऊणवर ठेवून ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवावा आणि अ‍ॅम्पच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. २०० वॅट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ २८ च्या थोडे वर येते, म्हणून मीटर २८ व्होल्ट दाखवेपर्यंतच गेन फिरवावे. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असल्यामुळे साधा मीटर नेमका याच कंपनसंख्येला विश्वासाने मोजतो. त्यापुढे नेले की लहरींची टोके कापली जातात आणि वेटोळे तापून जळते. सबवूफर जास्त वॅटने जळतो ही समजूत अर्धीच खरी आहे. कापलेल्या लहरींनी जळणारे पुष्कळ असतात. शेवटी ‘फेज’ची कळ दोन्ही बाजूंना करून, चालकाच्या जागी बसून जिकडे खर्ज भरदार वाटेल तिकडे ठेवावी.

यानंतर गाडी स्वतः वाजू लागते. नंबरप्लेट, डिकीचे झाकण, दारातले प्लास्टिक, मागच्या पट्टीवरची छत्री, सगळे थरथरते. पत्र्याला आतून चिकटवायच्या ब्युटिल रबराच्या चादरी हा त्यावरचा उपाय. छपराला लावतात त्या डांबरी चादरी स्वस्त असल्या तरी उन्हात उभ्या गाडीत वितळून ओघळतात. सगळी गाडी मढवण्याची गरज नाही. नंबरप्लेटमागे स्पंजचे दोन तुकडे लावले की निम्मी कुरकुर थांबते.

गल्लीचा प्रश्न मात्र स्पंजने सुटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. छत्तीसगडमध्ये मध्य प्रदेशच्या काळातला १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही लागू आहे. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये वाहनांवर साऊंड बॉक्स लावून वाजवण्याविरुद्ध कडक आदेश दिले आणि २०२३ मध्ये डीजेच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली. हे आदेश मिरवणुकीच्या गाड्यांना उद्देशून असले तरी ध्वनीची मर्यादा मोडणाऱ्या खासगी मोटारीवरही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली कारवाई होऊ शकते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथला दंड दहा हजारांपर्यंत जातो.

पण कायद्याचा मीटर खर्जाच्या बाबतीत अर्धा बहिरा आहे. नियमांतली मर्यादा ‘डेसिबल-ए’ या मापात आहे, आणि हे माप कानाच्या मठ्ठपणाचे अनुकरण करून ५० हर्ट्झच्या स्वरातून तब्बल ३० डेसिबल, तर १०० हर्ट्झच्या स्वरातून १९ डेसिबल वजा करते. गल्लीत ५० हर्ट्झचा ठोका ८० डेसिबलने आदळला तर मीटर ५० दाखवतो आणि तो दिवसाच्या मर्यादेत बसतो. दरम्यान पलीकडच्या घरात खिडकीची तावदाने वाजत असतात, कारण भिंतीची आवाज अडवण्याची शक्ती स्वर सप्तकाने खाली आला की साधारण सहा डेसिबलने घटते. बोलणे भिंतीपाशी थांबते, खर्ज आत जातो. पुरानी बस्तीसारख्या ठिकाणी, जिथे दोन दारांमध्ये एका मोटारीची रुंदी असते, शेजाऱ्याची तक्रार मीटरपेक्षा खरी मानावी लागेल. बहुतेक सबवूफरबरोबर डॅशबोर्डवर लावायचे एक लहान बटण येते. महामार्गावर पूर्ण आणि गल्लीत शून्य, एवढ्यासाठी तरी ते न चुकता बसवून घ्यावे. काचा उघड्या ठेवून खर्ज ऐकण्यात तसाही अर्थ नाही, कारण काच खाली गेली की केबिनमधला दाब बाहेर पडतो आणि फुकटचे डेसिबल चालकाऐवजी रस्त्याला मिळतात.

खर्चाची वाटणी यातून आपोआप ठरते. दहा हजार रुपयांचा बेत धरला, तर स्पीकर आणि अ‍ॅम्प यांच्यावर सहा-साडेसहा हजारांपेक्षा जास्त जाऊ नयेत. बाकीचे तार, फ्यूज, डबा, अर्थची पट्टी आणि कारागिराची मजुरी यांसाठी राखावेत. वापरलेला स्पीकर घेण्याने आणखी वाचतात, पण शंकूच्या कडेचा फोम उष्णतेने पिठूळ झालेला नाही ना हे नखाने पाहावे, आणि शंकू सरळ आत दाबताना खरखर जाणवली तर वेटोळे घासते आहे असे समजून तो परत द्यावा. विमा कंपनीला या जोडणीची माहिती देऊन ती पॉलिसीत लिहून घ्यावी. जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे अशा विद्युत उपकरणांसाठी त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता असे, आणि न कळवलेल्या वायरिंगवरून पुढे दाव्याच्या वेळी वाद निघू शकतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, म्हणून मूळ वायरिंग न कापता सगळे काम वेगळ्या तारांनी करावे, म्हणजे तपासणीच्या वेळी फ्यूज काढून ठेवला की गाडी जशी होती तशी. पुढे गाडी मोडीत निघाली तरी डबा, स्पीकर आणि अ‍ॅम्प दुसऱ्या लहान गाडीत तसेच चालतात. तार तेवढी नव्याने ओढावी लागते आणि गेन पुन्हा मोजून लावावे लागते.